आपण कुणाच्या पाहुण्या?

३ नोव्हेंबर

चि. बोरूस आत्याचे आशीर्वाद.

अक्षर मोठं आणि ओळी तिरक्या दिसतील, हसू नकोस. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते काय म्हणाले ते तुला मीच सांगते, उगाच तिसऱ्याकडून कळायला नको. नजरेच्या मधोमध डाग पडलाय आणि तो वाढतोय. दाराची चौकट दिसते, पण दारात उभा असलेला माणूस दिसत नाही. तुझं मागचं पत्र भिंगाखाली वाचायला अख्खी सकाळ गेली. उन्हाळ्यापर्यंत भिंगाचाही उपयोग राहणार नाही म्हणतात. औषध नाही, चष्मा नाही. डॉक्टर बिचारा हे सांगताना स्वतःच इतका कानकोंडा झाला, की मलाच त्याची समजूत काढावी लागली.

आता काम ऐक. तुझ्या धाकट्या काकाला शोध.

दचकलास ना? या घरात त्याचं नाव निघत नाही हे तुला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. पोरगा शहरात गेला, बड्या लोकांच्या कुठल्याशा क्लबात बसू-उठू लागला, आणि तुझे आजोबा गेले तेव्हा आला नाही. क्लबाच्या जाड कागदावर दोन ओळी आल्या. वर सोनेरी शिक्का, खाली 'येणं शक्य नाही'. दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, तो कागद सगळ्यांसमोर शेगडीत टाकला आणि भावाचं नाव टाकलं. मीही टाकलं. साहेब झाला तर तिकडेच राहा म्हणावं. त्याने पुन्हा पत्र लिहिलं नाही आणि आम्हीही नाही.

आता दादा नाही. भावंडांत आम्ही दोघंच उरलो. माझा राग गेलाय असं समजू नकोस, तो आहे तिथेच आहे. पण मला दिसतंय तोवर त्याचं तोंड बघायचंय. बघून झाल्यावर भांडेन हवं तर.

क्लबाचं नाव कागदाबरोबर जळलं. शिक्क्यावर पक्षी होता, चोच मिटलेला, एवढं आठवतं. तू तिथे जुन्या इमारतींची मापं घेत फिरतोस, तर फिरताना डोळे उघडे ठेव.

आत्या


१६ नोव्हेंबर

ती. आत्यास बोरूचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. डोळ्यांचं तू असं लिहितेस जणू घरातली साखर संपलीये. मला काय लिहावं सुचत नाही, म्हणून कामाचं लिहितो.

आमच्या आर्किटेक्ट साहेबांना सध्या जुन्या क्लबांच्या आणि बारच्या दुरुस्तीची कामं मिळालीयेत. त्यामुळे फीत आणि वही घेऊन मी बिनधास्त आत शिरतो. आणि आत्या, आत जे काही आहे ते बघून मी तोंडात बोट घालायचाच बाकी आहे.

पहिला एक बार. काउंटर इतकं लांब की फीत पुरेना. काठाला पितळी कठडा, खाली पाय ठेवायला पितळी दांडी, मागे भिंतभर आरसा. आरसा पुढे झुकलेला दिसला म्हणून मी वहीत 'भिंत ओळंब्यात नाही' असं लिहायला लागलो, तर बारवाला म्हणाला, भिंत ठणठणीत आहे, आरसा मुद्दाम झुकवलाय. पिणाऱ्याला मान न वळवता दारातून कोण आलं ते दिसायला हवं. बायको असेल तर मागचं दार आहेच. दुपारची वेळ, आणि चांगली सुटाबुटातली, पिकल्या केसांची माणसं पेले घेऊन बसलेली. कोपऱ्यात सत्तरीची एक बाई मोत्यांची माळ घालून पियानो वाजवत होती आणि मधेच सिगरेटची राख झटकत होती. मला कुणीतरी एक पेला पुढे केला. घेतला. तुझ्यापासून लपवत नाही. एकच.

मग एक क्लब. तिथे सदस्यांना सुटे पैसे धुऊन, पुसून, चकचकीत करून देतात. बाजारात फिरलेलं नाणं हाताला लागू नये म्हणून. वर्तमानपत्रांना सकाळी इस्त्री करतात, नाहीतर शाई बोटांना लागते. एक खोली आहे जिथे बोलायचं नाही, काहीही झालं तरी. मी तिथे शिंकलो तर अकरा वर्तमानपत्रं एकदम खाली झाली आणि पुन्हा वर गेली. मी माप अर्धवट सोडून पळालो.

आणि काल पक्षी सापडला. मोठ्या चौकातल्या दगडी इमारतीत, दाराच्या मुठीवर, चोच मिटलेला. टेबलामागच्या कारकुनाला काकांचं नाव सांगून विचारलं. तो म्हणाला, आमचे सदस्य कोण आणि कोण नाहीत हे आम्ही कुणालाच सांगत नाही, घरच्यांना तर मुळीच नाही. म्हणजे चेहरे बघत शोधायला हवं. आमचे साहेब तिथले सदस्य आहेत आणि मापं बरेच आठवडे चालतील, त्यामुळे येणं-जाणं होईल. काका दिसायचे कसे ते कळव. मी त्यांना बघितल्याचं मला आठवत नाही.

तुझा
बोरू


२४ नोव्हेंबर

चि. बोरूस आशीर्वाद.

वर्तमानपत्राला इस्त्री. हे वाक्य मी भिंगाखाली पुन्हा पुन्हा फिरवलं, म्हटलं डागामुळे काहीतरी चुकीचं दिसतंय. जन्मभर आपल्या दुकानात इस्त्री चालली, पण कोटाला, कागदाला नव्हे. आणि आश्चर्य बघ, धाकटा सुरुवातीला पत्रं लिहायचा त्यात हेच असायचं. 'आमच्या क्लबात पेपराला इस्त्री करतात, आमच्या क्लबात पैसे धुतात.' दादा म्हणायचा, शेंड्या लावतोय. म्हणजे खरं होतं तर. मला कसंसंच झालं.

नाणी धुतात ते ठीक, पण ती मिळवताना हात कशात घालतात ते कोण धुतो? आणि त्या बाईची राख पियानोत पडत असणार. बायकोला बघून मागच्या दाराने पळणारी माणसं म्हणे साहेब. मला वाटायचं मोठे लोक एवढ्या मोठ्या जागेत बसून काहीतरी मोठं करत असतील. पेला घेतलास, सांगितलंस, बरं केलंस. दुसरा घेतलास तर मात्र मला भिंग लागणार नाही, इथूनच दिसेल.

धाकटा उंच. नाक आजोबांचं, म्हणजे दारातून आधी ते यायचं. मिशीची भारी हौस होती, अजून असेल. खुर्चीत बसला की पायावर पाय टाकून वरचा पाय हलवत राहायचा. साहेबी थाटात हे सगळं झाकलं गेलं असेल तर मला सांगता येणार नाही. सापडला की एवढंच म्हण, ताईचे डोळे चाललेत, ये. बाकी भांडण माझं मी बघेन.

आणि तिथे कुणी विचारलं तर आपलं शिवणाचं दुकान होतं हे सांगायला लाजू नकोस.

आत्या


५ डिसेंबर

ती. आत्यास नमस्कार.

लाजलो. आधीच सांगून टाकतो. कुणी विचारलंही, पण मी दुकानाचा विषय टाळला. तिथे सगळ्यांचे आजोबा जहाजांचे नाहीतर खाणींचे मालक होते, तिथे शिवणयंत्र कुठे काढू.

पण बातमी चांगली आहे. मला वाटतं काका सापडले. वाचनाच्या खोलीत खिडकीजवळ एक गृहस्थ बसतात. उंच, नाक अगदी तू म्हणतेस तसं, पांढरी झुपकेदार मिशी आणि पायावर पाय. पाय हलतो, आत्या. मी खिडकीचं माप घ्यायच्या निमित्ताने जवळ जाऊन पाहिलं. चेहऱ्यावर असा तुसडेपणा की आपल्या घरचाच वाटावा. पण त्या आधीच्या क्लबासारखीच हीही न बोलायची खोली, आणि ते गृहस्थ येतात तिथे आणि जातातही तिथूनच, मोटार थेट दाराशी. कसं बोलावं हा प्रश्न आहे. धीर गोळा करतोय.

बाकी क्लबात माझ्याशी माणसासारखं बोलणारा एकच, खालचा कोटवाला. आत शिरल्यावर डाव्या हाताला एक लाकडी काउंटर आहे, त्यामागे कोटांच्या रांगा. तिथे कोट आणि टोपी द्यायची, टोकन घ्यायचं. म्हातारा आहे, गुळगुळीत दाढी केलेला, पाठीत जरा वाकलेला. सगळे त्याला 'कोटवाले' म्हणतात. पहिल्याच दिवशी माझा कोट हातात घेऊन तो इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं कोट जुना म्हणून नाक मुरडतोय. तसं नव्हतं. तेव्हापासून रोज काहीतरी विचारतो. जेवलात का, खोली गरम असते का. जाताना मफलर नीट गुंडाळून देतो, म्हणतो मानेला वारा लागू देऊ नका, साहेब. मला कुणी साहेब म्हणत नाही, त्यामुळे बरं वाटतं.

एकदा त्याने विचारलं, वडील काय करतात. मी म्हटलं, ते गेले, तीन वर्षं झाली. तर हा माझा कोट घेऊन आत रांगांमध्ये गेला तो येईचना. मागे लोक खोळंबले, कुणीतरी घंटी वाजवली. आला तेव्हा टोकन द्यायलाच विसरला. म्हातारपण, दुसरं काय. मी जरा रुबाबात सांगितलंही की माझे काका इथले सदस्य आहेत, मोठे गृहस्थ आहेत. तो म्हणाला, "असतील, साहेब. इथे पुष्कळ मोठी माणसं येतात."

परवा तुझं सांगितलं. म्हटलं, आत्याचे डोळे चाललेत आणि तिला भावाला बघायचंय, म्हणून मी काकांना शोधतोय. तो खाली मान घालून टोकनं लावत होता. लावून झाली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. मग म्हणाला, मग त्यांना सुईत दोरा कोण ओवून देतं? काय एकेक प्रश्न. मी म्हटलं, मी होतो तेव्हा मी, आता शेजारच्या बाई देतात. म्हातारी माणसं काहीही विचारतात. मी त्याला रोज बक्षिशी देतो, चांगला माणूस आहे.

तुझा
बोरू


१२ डिसेंबर

चि. बोरूस आशीर्वाद.

मिशीवाल्याशी बोलू नकोस. इतक्यात नको.

आधी मला एक कळव. तो कोट घेणारा माणूस तुझा कोट घेतल्यावर काय करतो? तसाच टांगतो, की आधी आणखी काही करतो? घडी घालत असेल तर कशी? नीट बघ आणि जसंच्या तसं लिही, स्वतःची अक्कल घालू नकोस.

कारण विचारू नकोस. म्हातारी माणसं काहीही विचारतात.

आत्या


१९ डिसेंबर

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच सगळा विचका झाला होता.

मी बोललो. त्या खोलीत, मिशीवाल्यांच्या खुर्चीशी वाकून, अगदी हळू 'काका' म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही. मग जरा मोठ्याने म्हटलं. मग काय झालं कोण जाणे, तो शब्द असा काही बाहेर पडला की छतापर्यंत गेला. सगळी वर्तमानपत्रं खाली आली. मिशीवाले उभे राहिले, लाल झाले आणि त्या खोलीत बोलायचं नाही हे विसरून मोठ्याने म्हणाले, मला भाऊ नाही, बहीण नाही, मी एकुलता एक आहे, आणि हा इसम कोण आहे? साहेबांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघ म्हणाले.

जिना उतरलो तर कोटवाला माझा कोट हातात घेऊन उभा. वर काय झालं ते खाली पोचलं होतं. त्याने मला काउंटरच्या आत ओढलं, स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. बाहेरच्या माणसाला आत घ्यायची तिथे परवानगी नाही, तरी. मी रडत होतो, आता सांगायला काय हरकत आहे. त्याने विचारलं, कुणाला हाक मारलीत? म्हटलं, काकांना. तो कोटावरचा नसलेला धागा काढत बसला. मग म्हणाला, "ऐकली असेल त्यांनी."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तो कोट लगेच टांगत नाही. आधी उलटा करतो, अस्तर बाहेर. मग एक खांदा दुसऱ्या खांद्याच्या आत घालतो आणि शिवणीवरून अंगठा फिरवतो. बटण सैल असेल तर स्वतःच्या कॉलरच्या आतून दोरा ओवलेली सुई काढतो, उभ्या उभ्या टाका घालतो आणि दोरा दाताने तोडतो. मग कोट पुन्हा सुलटा करून टांगतो. माझ्याच कोटाला असं करतो की सगळ्यांच्या, विचारलं नाही.

काका इथे नाहीत, आत्या. असलेच तर गेले असतील. मला माफ कर, माझ्याकडून हे काम झालं नाही.

बोरू


२७ डिसेंबर

चि. बोरू,

उभा असशील तर बस.

तुझं पत्र भिंगाखाली एकेक अक्षर करत वाचत होते. 'अस्तर बाहेर' पर्यंत आले आणि भिंग हातातून पडलं. शेजारच्या बाई धावत आल्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली. मी त्यांना परत पाठवलं. हे वाचून दाखवायला मला दुसऱ्या कुणाचे डोळे नको होते.

खांद्यात खांदा घालायची ती घडी आपल्या दुकानाची. उलटा करून शिवण तपासायची आणि मगच कोट हातावेगळा करायचा, हे आजोबांनी आम्हा तिघांना शिकवलं. कॉलरमागे सुई ठेवायचे तेही आजोबाच. दाताने दोरा तोडला की टपली बसायची. दादाने ती सवय सोडली, मी सोडली, एकाने नाही सोडली. तू म्हणशील, शिवणारे सगळेच असं करत असतील. असतील. पण तू तिथे दुकानाचा शब्द काढला नाहीस. मग तुझ्या आत्याला सुई-दोरा लागतो हे त्याला कुणी सांगितलं? आणि दादा गेल्याचं ऐकून कोटांच्या आड जाऊन कोण उभं राहील?

तो कधी म्हणाला नव्हता रे, की मी तिथला सदस्य आहे. 'आमच्या क्लबात' म्हणायचा. बाकीचा साहेब आम्हीच बेतला, आम्हीच शिवला आणि त्याच्या अंगावर घातला. मग तो घालून आला नाही म्हणून नाव टाकलं. इतकी वर्षं मी ज्या माणसावर रागावले, तो माणूस कधी नव्हताच. मला धक्का बसलाय, बोरू, आणि लाज वाटतेय, आणि हसूही येतंय, आणि यातलं कुठलं आधी ते कळत नाही.

त्याला एक शब्द बोलू नकोस. रोज कोट देत राहा. तुला कळलंय हे त्याला समजलं तर तो उद्या तिथे नसेल, मी त्याला ओळखते. बायकांना त्या क्लबात कधी घेतात ते कळव. मी येते.

आत्या


४ जानेवारी

आत्या,

काय लिहू. मी माझ्या काकाला रोज एक नाणं दिलं. काउंटरवर ठेवायचो, तो उचलायचा आणि म्हणायचा, आभारी आहे, साहेब. रोज. माझे काका मोठे गृहस्थ आहेत हे मी त्यालाच ऐकवलं. बाबा गेल्याचं त्याला असं कळलं, घंटी वाजत असताना, आणि मी मनात म्हणत होतो की म्हातारा किती वेळ लावतोय.

तुझं पत्र आल्यावर मी गेलो आणि कोट दिला. देण्याआधी बटणंच सुटेनात. त्याने विचारलं, थंडी वाजतेय का, साहेब. मी हो म्हणालो. त्या दिवशी नाणं द्यायचं की नाही ते ठरेना. दिलं नाही तर त्याला कळेल, म्हणून दिलं. इतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही.

बायकांना गुरुवारी दुपारी घेतात. पण नेमकं याच आठवड्यात साहेब मला दुसऱ्या गावच्या कामावर पाठवतायत, महिनाभर. त्या मिशीच्या प्रकरणानंतर नाही म्हणायची सोय नाही. पत्ता खाली देतोय. तू माझ्या खोलीवर उतर. घरमालकीणबाई तुला स्टेशनवर घ्यायला येतील आणि क्लबाच्या दारापर्यंत सोडतील. पुढे काय होईल या विचाराने मला झोप नाही.

बोरू


१७ जानेवारी
तुझ्या खोलीतून

चि. बोरूस आशीर्वाद.

काल गुरुवार होता. तुझ्या घरमालकीणबाई दारापर्यंत आल्या, पुढे मी एकटी. डोळ्यांच्या कडेने पायऱ्या दिसत होत्या, बाकी सगळा अंदाज. ठरवलं होतं एवढंच, की काउंटरवर कोट ठेवायचा आणि हळूच म्हणायचं, धाकट्या, मी. कुणाला काही कळलं नसतं.

काउंटरपर्यंत पोचलेच नाही. टेबलामागच्या माणसाने अडवलं.

"आपण कुणाच्या पाहुण्या?"

हा रिवाज तू मला सांगितला नव्हतास. तू साहेबांबरोबर जायचास, तुला कोण विचारणार. तिथे म्हणे बाहेरच्या माणसाने सदस्याचं नाव सांगायचं असतं, त्याशिवाय पुढे पाऊल नाही. मागे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या, अत्तराचा दर्प आला. आणि तोंडातून निघालं ते धाकट्याचं नाव, वडिलांच्या नावासकट, सबंध. इतक्या वर्षांत ते मी उच्चारलं नव्हतं, आणि उच्चारलं ते असं, परक्यांच्या दारात, मोठ्याने.

तो माणूस म्हणाला, असं कुणी इथे नाही, आपली काहीतरी चूक होतेय, जरा बाजूला व्हा. इतकी वर्षं ज्याच्या हातात रोज कोट देतो, त्याचं नाव त्याला माहीत नव्हतं. मागची एक बाई हसली. मी वळले. जिना कुठे, दार कुठे, काही सुधरेना.

तेवढ्यात डावीकडून आवाज आला.

"आहे. त्या माझ्या पाहुण्या आहेत."

टेबलावरचा म्हणाला, कोटवाले, तुम्ही? तो म्हणाला, ते नाव माझंच आहे आणि ही माझी थोरली बहीण आहे. कुणीतरी व्यवस्थापकाला बोलावून आणलं. तो गृहस्थ अगदी हळू, सभ्यपणाने म्हणाला की नोकरांना पाहुणे नसतात, हे आपल्याला माहीत असायला हवं. मला वाटलं मी इतक्या लांबून आले ती त्याची भाकरी काढून घ्यायलाच. धाकट्याने टोकनांची पेटी उचलून काउंटरवर ठेवली. म्हणाला, "मग आज मी नोकर नाही." आणि मागच्या खुंटीवरून स्वतःचा कोट काढला. त्याला परत घेतील की नाही ते अजून कळलेलं नाही. त्याला त्याची चिंता दिसत नाही, मला आहे.

समोर रस्त्यापलीकडे एक जुना बार आहे, तिथे घेऊन गेला. मखमलीच्या खुर्च्या, पितळी दिवे. रोज काउंटरवरून तो ते दार बघत आलाय आणि आत कधी गेला नव्हता. मी, तुझी आत्या, बारमध्ये. इथे माझ्या पुढ्यात पेला आला आणि मी तो सोडला नाही.

मी विचारलं, आजोबा गेले तेव्हा का आला नाहीस? नोकरी नवी होती, रजा मागितली तर मिळाली नाही. टेबलावर तोच जाड कागद पडला होता, त्यावर लिहिलं. शिक्का बघून तुम्हाला बरं वाटेल असं वाटलं म्हणे. बाकीचं त्याने पेल्याकडे बघत सांगितलं. "साहेब म्हणून यायला खिशात काही नव्हतं, ताई, आणि कोटवाला म्हणून यायला तोंड नव्हतं." तू पहिल्या दिवशी कोट दिलास तेव्हाच त्याने तुला ओळखलं. दादाचा तो कोट मी तुझ्या मापाचा केला होता ना, त्याच्या अस्तरावरचे टाके बघून. माझे टाके मोठे आणि वाकडे झालेत, म्हणजे डोळ्यांचं काहीतरी बिनसलंय, हेही त्याला तू सांगायच्या आधीच कळलं होतं. आणि तरी तो बोलला नाही, गाढव.

मी त्याला खूप काही बोलले. तो ऐकत होता. मग पेला बाजूला सारून त्याने मान खाली घातली. मला वाटलं, रडतोय.

म्हणाला, "तू अजून रागावलेली आहेस, ताई. आल्यापासून एकदासुद्धा माझ्याकडे बघितलं नाहीस. सारखं तोंड फिरवून त्या खिडकीकडे बघतेस."

बोरू, काय सांगू. तिथे बसल्यापासून मी त्याच्यावरून नजर काढली नव्हती. पांढरे केस, बसलेले गाल, भादरलेली मिशी, आजोबांचं नाक, सगळं सगळं बघत होते. समोर बघितलं की त्याच्या जागी डाग येतो. खिडकीकडे मान वळवली की तो कडेला येऊन बसतो, स्वच्छ.

"वेड्या," मी म्हटलं, "सरळ बघितलं तर तू दिसत नाहीस. तुला बघायचं तर मला तोंड फिरवावंच लागतं."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग तो समोरून उठला आणि माझ्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसला.

आत्या